काचपेटीचा सांडवा

या, जरा पुढे सरकून बसा. मागे दाराच्या फटीतून वारा येतो. आज एका माणसाच्या श्वासाची गोष्ट सांगायची आहे. आमच्या लुईस बेटाच्या पश्चिम काठावर घडलेली. फार मोठी नाही, पण थंडीत हात शेकावेत तशी आहे. ऐका तर.

टॉर्कल मॅकऑली गालिच्यावर गुडघे टेकून बसला होता आणि त्याच्या ओठांत रबराची बारीक नळी होती.

“ओढ,” त्याची बायको मर्डिना म्हणाली.

त्याने ओढलं. गाल आत गेले, भुवया वर गेल्या, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. समोरच्या वाकड्या नळीत पाणी थोडं चढलं, तिथेच थरथरलं आणि खाली बसलं.

“एवढंच? दोन बोटं?”

“तीन होती.” टॉर्कल खोकला. “मी मोजली.”

“कुणाची बोटं? तुझी का पाळण्यातल्या बाळाची?”

“तू ओढ मग.”

“मी नळी धरलीये. धरणारं एक आणि ओढणारं एक, असं कागदात लिहिलंय.”

कागद तिच्या एप्रनच्या खिशात होता. टॉर्कलने तो मागितला नाही. छापील सूचना वाचणं हे चाळीस वर्षं तिचंच खातं होतं. ती गिरणीत माग दुरुस्त करायची. तो घरामागच्या शेडमध्ये, पायांनी चालवायच्या मागावर लोकर विणायचा. त्याचा माग अडला की तो देवाचं नाव घ्यायचा आणि ती पाना घ्यायची.

ही माशांची काचपेटी जूनमध्ये घरात आली. शाळेच्या बाई बेट सोडून मुख्यभूमीवर गेल्या आणि जाताना पेटी मर्डिनाच्या गळ्यात मारून गेल्या. दीड हात लांब, सात मासे आणि एक गोगलगाय. पण या घरात शेगडीत पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जळते आणि आठवड्यातून चार दिवस हेरिंग मासा तळला जातो. महिन्याभरात पाण्याच्या तोंडावर तेलकट साय धरली, आणि मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. अर्धवट चालणारी कुठलीही गोष्ट मर्डिनाला बघवत नाही. तिने चौकशी केली, पत्रं लिहिली, आणि बोटीवरून हा सांडवा मागवला.

सांडवा म्हणजे खरं तर पारदर्शक प्लास्टिकच्या दोन डब्या. एक काचपेटीच्या काठाला आतून टांगायची, दुसरी बाहेरून. आतल्या डबीच्या कडेला फणीसारखे दाते असतात. पाण्याचा वरचा थर त्या दातांतून साय घेऊन आत उतरतो, मग काठावरून उलट्या यूसारखी वळलेली नळी ते पाणी बाहेरच्या डबीत नेते. तिथून ते खाली कपाटातल्या टबात, स्पंजातून गाळून, आणि छोटा पंप ते पुन्हा वर चढवतो. काचेला भोक पाडायची गरज नाही. अट एकच. वाकड्या नळीत हवा राहता कामा नये. तिच्या माथ्यापर्यंत रबरी नळी सारून हवा ओढून घ्यायची. एकदा पाणी पलीकडे उतरलं की मग ते आपलं आपण वाहतं. पण मध्येच बुडबुडा अडकला तर वाहणं तुटतं. खालचा पंप बिचारा काही न कळून पाणी चढवतच राहतो, आणि ते काठावरून थेट गालिच्यावर येतं.

“‘वाहणं तुटू देऊ नये,’” मर्डिनाने कागदावरून मोठ्याने वाचलं होतं, तेव्हा टॉर्कल खिडकीकडे बघायला लागला होता.

त्याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. आमच्या चर्चमध्ये वाद्य नाही. एकजण स्तोत्राची ओळ देतो, मंडळी झील धरते. प्रत्येकजण आपापल्या वळणाने, आपापल्या हरकती घेत ती ओळ लांबवतो, आणि सगळे मिळून एक लाट होते. ती लाट विरायच्या आत ओळ देणाऱ्याने पुढची ओळ तिच्या पाठीवर ठेवायची. मध्ये पोकळी पडू द्यायची नाही. टॉर्कलने चाळीस वर्षं पडू दिली नव्हती. जानेवारीत त्याला न्यूमोनिया झाला. फेब्रुवारीत बरा होऊन तो पहिल्यांदा ओळ द्यायला बसला, आणि तिसऱ्या ओळीत, शब्दाच्या मधोमध, त्याचा श्वास संपला.

चर्चमध्ये कौलांवरचा पाऊस ऐकू आला. मग बाकावरून फिन्ली टपालवाल्याने, नाकातून, ती ओळ उचलली.

त्या दिवसापासून टॉर्कल मागच्या बाकावर घड्याळाखाली बसायचा. ओठ हलवायचा, आवाज काढायचा नाही. डॉक्टरणीने छातीला नळी लावून, पाठीला नळी लावून सांगितलं, “सगळं साफ आहे, गा खुशाल.” त्याने मान डोलावली, कोट घातला आणि घड्याळाखालीच बसत राहिला.

“पुन्हा,” मर्डिना म्हणाली.

चौथ्या खेपेला पाणी वळणाच्या माथ्यावर चढलं, पलीकडे झेपावलं, आणि टॉर्कलच्या तोंडात काचपेटीचा एक घोट आला.

“कशी आहे चव?”

“तुझ्या सुपासारखी,” तो तोंड पुसत म्हणाला. “मीठ थोडं कमी आहे.”

पाणी वाहायला लागलं. दातांतून साय हळूहळू खेचली गेली आणि तासाभरात पाण्याचं तोंड असं लख्ख झालं की खिडकीतलं आभाळ त्यात दिसायला लागलं. मासे खाली उतरले. गोगलगाईच्या चालीत मात्र काही फरक पडला नाही.

पहिल्याच वादळात वीज गेली तेव्हा आणखी एक धडा मिळाला. पंप थांबला, वरचं पाणी खाली उतरलं, आणि काठोकाठ भरलेला टब कपाटातून बाहेर आला. आंघोळीचे तीन टॉवेल आणि टॉर्कलची रविवारची बनियन कामी आली. मर्डिनाने दुसऱ्या दिवशी टबावर विणकामाच्या खडूने रेघ मारली, पाणी याच्या वर भरायचं नाही. तेवढ्याने ते दुखणं मिटलं.

बुडबुड्याचं दुखणं मात्र मिटेना. दर दोन-तीन दिवसांनी टॉर्कल शेडमधून चहाला आला की नळीच्या माथ्यावर बुडबुडा बसलेलाच असायचा.

“कसा येतो हा?”

“येतो,” मर्डिना म्हणायची. “स्वस्तातली वस्तू. ओढ.”

तो ओढायचा. जुलैत चार खेपा लागायच्या, ऑगस्टच्या सुरुवातीला तीन. मग दोन. तो हे मोजत नव्हता. त्याला फक्त ओढून मोकळं व्हायचं असायचं. मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या फिन्लीने एकदा शेडसमोर गाडी थांबवून खिडकीतून ओरडून विचारलं, “काय रे, माग पळवत सुटलास का कुणाच्या मागे? केवढा खडखडाट!” टॉर्कलने पायांकडे बघितलं. पाय खरंच पळत होते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाळक इयुअन घरी आले. वयाने टॉर्कलच्या मुलासारखे, पण मान त्यांचा. मर्डिनाने चांगल्या कपात चहा दिला, बरोबर लोणी लावलेले स्कोनचे पाव ठेवले.

“प्रभुभोजनाचे दिवस जवळ आले, टॉर्कल,” पाळक म्हणाले. “गुरुवार ते सोमवार, पाच दिवस. तीन गावांची माणसं येतील. रविवारी ओळ कोण देणार, ते ठरवायला हवं.”

“नेस गावच्या अ‍ॅलस्डेरला बोलवा. त्याचा आवाज मोठा आहे.”

“बोलावलंय. पहिलं स्तोत्र ते देतील.” पाळकांनी स्कोनचा तुकडा मोडला. “पण लोक भाकर आणि द्राक्षारस घ्यायला भोजनाच्या मेजाकडे येतात तेव्हाचं स्तोत्र मी अजून कुणाला सांगितलं नाही.”

“सांगा मग कुणाला तरी.”

मर्डिनाने किटली शेगडीवर अशी ठेवली की झाकण उडालं.

“फिन्ली देईल,” टॉर्कल म्हणाला.

“फिन्ली नाकातून देतो,” मर्डिना म्हणाली. “देवाला सर्दी होईल.”

पाळकांनी हसू कपात लपवलं. निघताना ते काचपेटीपाशी क्षणभर थांबले. “पाणी किती स्वच्छ झालंय हो.”

“वाहतं आहे म्हणून,” मर्डिना म्हणाली. “चालू ठेवावं लागतं, पाळकसाहेब. थांबलं की साय धरते.”

टॉर्कलने टोपी घातली आणि तो शेडकडे गेला. त्याला बोलणं कळलं होतं.

आता आमच्याकडची शनिवारची संध्याकाळ कशी असते ते ठाऊक आहे ना? रविवारचे बटाटे सोलून पाण्यात ठेवतात, सूप शिजवून ठेवतात, बूट चमकवून दाराशी लावतात. आणि टॉर्कल घरभर फिरून भिंतीवरचे प्लग काढतो. रेडिओचा, धुलाईयंत्राचा, शेडमधल्या दिव्याचा. प्रभूच्या दिवशी, शब्बाथाला, काम करायचं नसतं; सवयीने हात त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून. प्रभुभोजनाच्या त्या शनिवारी तो उद्याचा विचार करत फिरत होता. नेसच्या माणसाचा मोठा आवाज, तीन गावची माणसं, घड्याळाखालचा बाक. रेडिओचा प्लग काढला, आणि शेजारी आणखी एक होता, तोही काढला.

“टॉर्कल!”

रविवारी सकाळी त्याला मोज्यांवरच धावत यावं लागलं. प्रभुभोजनासाठी हॅरिसहून मुक्कामाला आलेले पाहुणे पुढे निघून गेले होते. मर्डिना एकटीच काचपेटीपाशी उभी होती. सातही मासे पाण्याच्या तोंडाशी येऊन धापा टाकत होते.

“माशांनाही शब्बाथ पाळायला लावलास का रे?”

त्याने बोलायच्या आधी प्लग लावला. पंप घुरघुरला, पाणी वर यायला लागलं. पण वाकड्या नळीच्या माथ्यावर रात्रभरात अंड्याएवढा बुडबुडा जमला होता. वाहणं तुटलेलं. पाणी चढत होतं आणि उतरायला वाट नव्हती.

तेवढ्यात दार वाजलं आणि फिन्ली आत आला. काळा कोट, काळी टोपी, काखेत स्तोत्रांचं पुस्तक. तो आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळातला. रविवारी तिघं बरोबरच चालत जायचे. त्याने काचपेटीकडे बघितलं, टॉर्कलच्या हातातल्या रबरी नळीकडे बघितलं.

“प्रभुभोजनाच्या सकाळी नळकाम?”

“मासे मरतायत, फिन्ली.”

“मग तो पंप बंद कर.”

“बंद होता म्हणूनच मरतायत.”

फिन्लीने हनुवटी खाजवली. “गरजेचं आणि दयेचं काम चालतं. तेवढं चालतं.”

“तू गाईचं दूध काढूनच आलास ना?” मर्डिना म्हणाली.

“गाय देवाने केली, बाई. ही पेटी टपालाने आली.”

“तूच आणलीस ती!”

“सांडवा मी आणला. पेटी मास्तरीणबाईंची.” मग त्याने काठाकडे वाकून बघितलं. पाणी आता नखाएवढं खाली होतं. “पण हे कुणासाठी? माशांसाठी असेल तर दया. गालिच्यासाठी असेल तर ती नुसती काटकसर.”

“माशांसाठीच. गालिचाही वाचला तर त्याचं नशीब. टॉर्कल, ओढ!”

काळ्या सुटाच्या विजारीची घडी न बघता तो गुडघ्यांवर बसला. नळी ओठांत धरली. आणि ओढायला लागला.

पाणी नळीत चढलं. बुडबुडा माथ्यावर लांबट झाला, चपटा झाला, रबरी नळीच्या तोंडाकडे सरकला. टॉर्कल ओढत होता. फिन्लीने नकळत स्वतःचा श्वास धरला, मग सोडला, मग परत घेतला; टॉर्कल अजून ओढतच होता, सावकाश, एकाच मापाने, दोरा मागावरून उलगडत यावा तसा. बुडबुड्याचा शेवटचा मणी निघून गेला. पाणी वळणावरून पलीकडे उतरलं, आणि टॉर्कलने नळी ओठांपाशी चिमटीत दाबली. तोंडात थेंबही आला नाही.

एकच खेप.

दातांतून पाणी खळखळ आत उतरायला लागलं. काठाशी आलेलं तोंड हळूहळू खाली गेलं. एक मासा तळाकडे वळला, मग दुसरा. मर्डिना शेगडीकडे गेली.

“छान,” फिन्ली म्हणाला. मग त्याला काहीतरी आठवलं. “पण अरे, तो दुसरा पंप कुठाय? छोटा. सांडवा आणला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी खोकं दिलं होतं की. वर चित्र होतं, नळीतली हवा आपोआप ओढून घेणारा. माणसाने गुडघे टेकायची गरजच नाही. मला वाटलं, काय सोय झाली आता!”

शेगडीवर सूप ढवळणारी पळी थांबली.

टॉर्कल गुडघ्यांवरच होता. त्याने बायकोच्या पाठीकडे बघितलं. काळा पोशाख, एप्रनची गाठ, मानेवर पांढरे केस. ती वळली नाही. जुलैपासूनचे सगळे बुडबुडे त्याच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेले. चहाच्या वेळेला येणारे, न चुकता येणारे. आणि दर वेळी तिचं ते ‘ओढ’.

“तो ना,” टॉर्कल म्हणाला. “बिघडला.”

“आल्या आल्या?”

“पहिल्याच दिवशी. धूरच आला त्यातून.”

चाळीस वर्षं देवाच्या घरात ओळ देणारा माणूस रविवारी सकाळी, वडीलमंडळातल्या माणसाच्या तोंडावर, असं धडधडीत खोटं बोलला. आणि त्यात कुठेही अडखळला नाही.

“स्वस्तातली वस्तू,” फिन्ली मान हलवत म्हणाला. “चला, घंटा होईल.”

दाराशी मर्डिनाने टोपीला पिन लावली. टॉर्कलच्या गुडघ्यांवरची लोकर झटकली, टाय सरळ केला. ती टायकडेच बघत होती.

“मर्डिना.”

“काय?”

“सूप उतरवलंस का?”

“उतरवलं,” ती म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले होते.

चर्च गच्च भरलं होतं. बाकांच्या मधल्या वाटेवरही खुर्च्या टाकल्या होत्या. नेसच्या अ‍ॅलस्डेरने पहिलं स्तोत्र दिलं. आवाज खरंच मोठा, तावदानं थरारली. मग प्रवचन झालं, प्रार्थना झाली. पाळकांनी मेजाचं स्तोत्र सांगितलं, पुस्तक मिटलं आणि ते आपल्या हातांकडे बघत उभे राहिले. त्यांनी कुणाकडेच मान वळवली नाही.

शांतता पसरायला लागली. फेब्रुवारीतली तीच. टॉर्कलने ती ओळखली.

फिन्लीने घसा खाकरला, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

मागे, घड्याळाखाली, बूट करकरले. टॉर्कल मधल्या वाटेने पुढे आला. लोकांनी खुर्च्या बाजूला घेतल्या. व्यासपीठाच्या पायऱ्यांखाली, ओळ देणाऱ्याच्या जागेवर, मंडळीकडे तोंड करून तो बसला. हात गुडघ्यांवर ठेवले. श्वास घेतला आणि पहिली ओळ दिली.

लोकांनी ती उचलली. तीन गावांच्या माणसांनी एकदम उचलली, तशी ती वर गेली आणि छतापाशी पसरली. दुसरी ओळ. मग तिसरी, आणि शब्दाच्या मधोमध ती जागा आली. टॉर्कल तिथून गेला. पलीकडे पोचला तेव्हाही छातीत श्वास उरला होता. किती, ते त्याने बघितलं नाही. त्याने तिसऱ्या बाकाकडे बघितलं. मर्डिना पुस्तकात डोकं घालून गात होती. एवढ्या आवाजांत तिचा वेगळा ऐकू येत नव्हता, कधीच आला नव्हता. लाट उतरणीला लागली होती. ती विरायच्या आत त्याने पुढची ओळ तिच्या पाठीवर ठेवली.

तो छोटा पंप घरात कुठे आहे, हे टॉर्कलने अजून विचारलेलं नाही. बुडबुडे अजून येतात, आणि तो अजून ओढतो.

तर मंडळी, ओळ देणाऱ्याचं नाव आमच्या सगळ्या बेटाला पाठ आहे. त्याची काळजी तुम्ही करू नका. उद्या कुठेतरी पुष्कळ माणसं मिळून गाताना ऐकाल, आणि एकही आवाज वेगळा ओळखता येणार नाही, तेव्हा क्षणभर मर्डिनाची आठवण काढा. आमच्यासाठी एवढं करा.